निळा रंग, मलेरिया आणि मेंदूतला गुंता

संगमनेर, राहाता, कोपरगाव, राहुरी या पट्ट्यात पहाटेचे दूध संकलन उरकले, की मोठ्या डेअरीच्या प्रयोगशाळेत फॅट आणि एसएनएफच्या जोडीला आणखी एक चाचणी होते. परीक्षानळीत १० मिलिलिटर दूध घ्यायचे, त्यात १ मिलिलिटर निळे द्रावण टाकायचे, बूच लावून नळी ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात उभी करायची आणि घड्याळाकडे लक्ष ठेवायचे. निळा रंग ५ तास किंवा त्याहून जास्त टिकला तर दूध उत्तम. ३-४ तास टिकला तर चांगले. अर्ध्या तासाच्या आत दूध पुन्हा पांढरे झाले, तर त्यात जंतूंची गर्दी झाली आहे असे समजायचे. डेअरीतली मंडळी या चाचणीला एमबीआरटी म्हणतात. त्यातले एमबी म्हणजे मिथिलीन ब्ल्यू.

हाच रंग जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतही भेटतो. तापाच्या रुग्णाच्या बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरतात, तेव्हा मलेरियाचा परजीवी दिसावा म्हणून वापरायच्या जेएसबी रंगात मिथिलीन ब्ल्यू असते. जसवंत सिंग आणि भट्टाचारजी या भारतीय शास्त्रज्ञांनी ही पद्धत १९४० च्या दशकात बसवली. थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू लाल आणि मागची पार्श्वभूमी निळी दिसते, ती निळाईही बहुधा याचीच. आणि गेल्या दोन दशकांत हेच रसायन गोळीच्या रूपात शेकडो वृद्धांनी गिळले आहे, अल्झायमरच्या आजारात मेंदूत होणारा प्रथिनांचा गुंता त्याने सुटतो का हे पाहण्यासाठी.

कापड रंगवण्यासाठी जन्मलेला रंग माणसाच्या पोटात औषध म्हणून जाऊ शकतो, हा विचार सव्वाशे वर्षांपूर्वी ज्याच्या डोक्यात आला त्याचे नाव पॉल एर्लिख.

१४ मार्च १८५४ रोजी प्रशियाच्या सायलेशिया प्रांतातल्या स्ट्रेलेन या छोट्या गावी त्यांचा जन्म झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. घर ज्यू, वडिलांचा व्यवसाय मद्य गाळण्याचा आणि खानावळीचा. आईच्या माहेरचा कार्ल वायगर्ट हा मामेभाऊ पॉलपेक्षा ९ वर्षांनी मोठा होता. तो पुढे नामवंत विकृतिशास्त्रज्ञ झाला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहण्यासाठी कृत्रिम रंग वापरणाऱ्या पहिल्या काही जणांत त्याची गणना होते. शाळकरी वयातच या भावाच्या नादाने पॉलला रंगांचे वेड लागले. ते आयुष्यभर सुटले नाही.

तो काळच रंगांचा होता. दगडी कोळशाच्या डांबरापासून नवनवे रंग काढण्याची जर्मन कारखान्यांत चढाओढ लागली होती. नीळ, मंजिष्ठ यांसारख्या वनस्पतिजन्य रंगांची बाजारपेठ त्यामुळे पुढे पार कोसळली. भारतातल्या निळीच्या मळ्यांनाही त्याची झळ बसली. १८७६ मध्ये बीएएसएफ कंपनीच्या हाइनरिख कारो यांनी मिथिलीन ब्ल्यू बनवले, ते सुती कापडासाठी. एर्लिख तेव्हा वैद्यकाचे विद्यार्थी होते. ब्रेस्लाउ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग, लाइपझिग अशी विद्यापीठे बदलत त्यांचे शिक्षण चालले होते. व्याख्यानांत मन कमी आणि रंगांत जास्त. बोटे कायम रंगलेली. १८७८ मध्ये लाइपझिगला त्यांनी डॉक्टरेट मिळवली, तोही विषय ऊती रंगवण्याचाच.

इतरांसाठी रंग म्हणजे चित्र स्पष्ट दिसण्याची सोय होती. एर्लिख यांना त्यात वेगळेच कोडे दिसले. एकाच पेशीसमूहात एक रंग फक्त काही कणांनाच चिकटतो आणि शेजारच्या कणांना स्पर्शही करत नाही, हे का? त्यांचे उत्तर असे की रंगाचा रेणू आणि पेशीतला रेणू यांच्यात खास रासायनिक ओढ असली पाहिजे, कुलूप आणि किल्लीसारखी. या ओढीच्या जोरावर त्यांनी विद्यार्थिदशेतच मास्ट पेशी ओळखल्या. पुढे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे प्रकार रंगांवरून वेगळे केले. आज कोणत्याही गावातल्या लॅबमध्ये रक्ताचा रिपोर्ट येतो आणि त्यात न्यूट्रोफिल, इओसिनोफिल असे रकाने असतात. ही नावे एर्लिख यांच्या वर्गीकरणातून आली आहेत. कोणत्या पेशीला कोणता रंग आवडतो, एवढाच त्यांचा अर्थ.

१८७८ पासून बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात प्राध्यापक फ्रेरिख्स यांच्या हाताखाली त्यांना मोकळीक मिळाली. मार्च १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, त्या सभेला एर्लिख हजर होते. तडक प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी जंतू रंगवण्याची अधिक चांगली रीत शोधायला घेतली. असे सांगतात की काचपट्ट्या वाळायला त्यांनी थंड शेगडीवर ठेवल्या होत्या, सकाळी कुणीतरी न पाहता शेगडी पेटवली आणि त्या उष्णतेने रंग जंतूत पक्का बसला. गोष्ट थोडी रंगवलेली असेलही, पण थुंकीच्या काचपट्टीला आजही खालून आच देतात हे खरे.

१८८५ साली एर्लिख यांनी शरीराच्या ऑक्सिजनच्या गरजेवर एक ग्रंथ लिहिला. जिवंत प्राण्याच्या शरीरात निळे रंग सोडायचे आणि कोणत्या अवयवात ते निळे राहतात, कोणत्या अवयवात रंगहीन होतात ते पाहायचे, असा तो अभ्यास होता. जिथे ऑक्सिजन झपाट्याने खर्च होतो तिथे रंग विरतो. दुधाची चाचणी पुढे इतरांनी बसवली, पण तिच्या मुळाशी हीच प्रक्रिया आहे. जंतू दुधातला ऑक्सिजन संपवतात, मग रंगाच्या रेणूला इलेक्ट्रॉन मिळून त्याचे रंगहीन रूप होते. नळीच्या तोंडाशी जिथे हवा लागते तिथे मात्र निळसर कड्याच्या रूपात रंग टिकून दिसतो. रेणू नाहीसा झालेला नसतो, त्याने फक्त रंग टाकलेला असतो. या रंगहीन रूपाची आठवण ठेवावी लागेल, कारण सव्वाशे वर्षांनी त्याच्यावर मोठा पैसा लागणार होता.

याच प्रयोगांत आणखी एक नोंद झाली. रक्तातून सोडलेले बरेच रंग सगळ्या अवयवांत पोहोचत, पण मेंदू आणि मज्जारज्जू तेवढे कोरे राहत. एर्लिख यांनी तर्क केला की मेंदूतल्या पेशींना या रंगांची ओढच नाही. हा तर्क चुकला. त्यांचाच शिष्य एडविन गोल्डमान याने १९१३ मध्ये रंग उलट्या बाजूने, म्हणजे मेंदूभोवतीच्या द्रवात सोडून पाहिला, तर मेंदू छान रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये भिंत आहे, हे त्यातून लक्षात आले. अल्झायमर किंवा पार्किन्सनवर औषध शोधणाऱ्या प्रत्येकाला आज या भिंतीशी झगडावे लागते. परीक्षानळीत चमत्कार करणारी कितीतरी रसायने तिच्यापाशीच अडतात.

मिथिलीन ब्ल्यू मात्र अडत नाही. १८८६ मध्ये एर्लिख यांनी दाखवले की हा रंग जिवंत प्राण्यात सोडला तर मज्जातंतूंची टोके निळी होऊन उठून दिसतात. मेलेल्या ऊतीचे काप रंगवण्याच्या काळात जिवंत मज्जातंतू रंगवणे ही फार मोठी गोष्ट होती. एर्लिख यांनी लगेच पुढची उडी घेतली. रंग मज्जातंतूला चिकटतो, तर मज्जातंतूच्या दुखण्यावर तो चालेल का? १८९० मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर वेदनाशामक म्हणून त्याचा वापर करून तसे प्रसिद्धही केले.

मधल्या काळात ते स्वतःच रुग्ण झाले होते. १८८३ मध्ये हेडविग पिंकुस यांच्याशी विवाह झाला होता, दोन मुली झाल्या होत्या. फ्रेरिख्स वारले आणि नव्या प्रमुखांना रंगांपेक्षा वॉर्डातल्या कामात रस होता. त्यात १८८८ मध्ये स्वतःच्याच थुंकीत त्यांना क्षयाचे जंतू दिसले, आपल्याच सुधारलेल्या रीतीने रंगवलेले. पत्नीसह ते इजिप्तच्या कोरड्या हवेत जाऊन राहिले आणि बरे होऊन परतले तेव्हा हाती नोकरी नव्हती. भाड्याच्या घरातली छोटी खासगी प्रयोगशाळा, एवढ्यावर काम पुन्हा सुरू झाले.

१८९१ मध्ये बर्लिनच्या मोआबिट रुग्णालयात पॉल गुटमान या डॉक्टरांच्या साथीने त्यांनी मलेरियाच्या दोन रुग्णांना मिथिलीन ब्ल्यू दिले. मलेरियाचा परजीवी या रंगाने रंगतो हे काचपट्टीवर दिसले होतेच. परजीवी रंग पितो आणि भोवतीच्या पेशी फारसा पीत नाहीत, तर रंगानेच तो मेला तर? दोन्ही रुग्णांचा ताप उतरला. पूर्णपणे कारखान्यात तयार झालेल्या रसायनाने माणसाचा जंतुजन्य आजार बरा केल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. पण रुग्ण दोनच, क्विनाईन याहून अधिक भरवशाचे, आणि ज्याच्यावर मलेरियाचे प्रयोग करावेत असा प्राणी तेव्हा हाताशी नव्हता. त्यांनी निळी बाटली बाजूला ठेवली.

पुढची काही वर्षे दुसऱ्याच कामात गेली. कॉख यांनी त्यांना आपल्या संस्थेत जागा दिली. एमिल फॉन बेहरिंग यांचा घटसर्पावरचा सीरम परिणामकारक होता, पण त्याची ताकद दर वेळी वेगळी निघे. ती मोजण्याचे प्रमाण एर्लिख यांनी बसवले, तेव्हा कुठे ते औषध मुलांना भरवशाने देता येऊ लागले. बेहरिंग यांना १९०१ चे नोबेल मिळाले, एर्लिख यांना १९०८ पर्यंत वाट पाहावी लागली आणि ते मेचनिकॉफ यांच्यासोबत विभागून मिळाले. दोघांचे संबंध तोवर बिघडले होते.

१८९९ मध्ये सरकारने त्यांना फ्रँकफुर्टला नवी संस्था दिली. तिथे त्यांची तऱ्हेवाईक राहणी शहराला पाठ झाली. दिवसाला दोन डझन कडक सिगार. काखेत सिगारची पेटी. खोलीत पुस्तके आणि कागदांचे असे ढीग, की पाहुण्याला बसायला खुर्ची मोकळी करावी लागे. सहकाऱ्यांना रोजचे काम रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून दिले जाई आणि कागद सापडला नाही तर शर्टाच्या बाहीवर सूत्र उतरे. विनोदी वाटणाऱ्या या माणसाची शिस्त कामात मात्र लोखंडी होती. रेणूचा एकेक भाग बदलत जायचे, प्रत्येक रूप प्राण्यावर तपासायचे, नोंद ठेवायची. आज औषध कंपन्या असेच काम करतात. तेव्हा ते नवे होते.

याच शहरात, त्याच वर्षांत, मनोरुग्णांच्या इस्पितळात अलॉइस अल्झायमर नावाचे डॉक्टर नोकरीला होते. नोव्हेंबर १९०१ मध्ये ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई त्यांच्या वॉर्डात दाखल झाली. तिला स्वतःचे नाव लिहिणेही जमेना. १९०३ मध्ये अल्झायमर यांनी फ्रँकफुर्ट सोडले. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली आणि तिचा मेंदू त्यांनी म्युनिकला मागवून घेतला. चांदीच्या क्षारांनी रंगवल्यावर पेशींच्या आत दोऱ्यांचे गुंते आणि पेशींबाहेर ठिपक्यांसारखे साठे दिसले. नोव्हेंबर १९०६ मध्ये ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी ते मांडले, तेव्हा श्रोत्यांनी फारसा रस दाखवला नाही. अल्झायमर यांचा मित्र फ्रान्झ निसल मज्जापेशी रंगवण्यासाठी मिथिलीन ब्ल्यू वापरत असे. एर्लिख यांचा भाऊ वायगर्ट १८८५ पासून १९०४ मधल्या मृत्यूपर्यंत फ्रँकफुर्टमध्येच होता आणि मज्जातंतूंचे आवरण रंगवण्याची त्याची पद्धत जगभर चालत होती. एकाच शहरात रंग, मेंदू आणि औषध हे तिन्ही विषय नांदत होते, पण मेंदूतल्या गुंत्यावर रंगाचे औषध चालवून पाहावे असे तेव्हा कुणाला सुचले नाही. सुचणेही कठीणच. गुंता कशाचा आहे, हेच ठाऊक नव्हते.

एर्लिख यांचे लक्ष जंतूंवर होते. जपानी सहकारी कियोशी शिगा यांच्यासोबत १९०४ मध्ये त्यांनी ट्रिपॅन रेड हा रंग उंदरांतल्या ट्रिपॅनोसोम परजीवीवर चालवून दाखवला. नंतर आर्सेनिकच्या संयुगांकडे वळून त्यांनी शेकडो रूपे बनवून घेतली. ६०६ क्रमांकाचे संयुग एका सहायकाने निरुपयोगी म्हणून बाजूला टाकले होते. १९०९ मध्ये साहाचिरो हाता यांनी ते पुन्हा तपासले, तेव्हा सशांमधला उपदंश म्हणजे सिफिलिस त्याने बरा होताना दिसला. १९१० मध्ये सालव्हर्सान या नावाने ते जगापुढे आले.

त्यानंतरची वर्षे गौरवाची असायला हवी होती. विक्रीपूर्वी सुमारे ६५ हजार मात्रा त्यांनी डॉक्टरांना फुकट वाटल्या आणि प्रत्येकाकडून परिणामांचा हिशेब मागितला. तरीही औषध विरघळवण्यात आणि टोचण्यात चुका झाल्या, काही रुग्ण दगावले, आणि आरोपांची राळ उठली. कुणी पैशाचा, कुणी बळजबरीच्या प्रयोगांचा आरोप केला, बऱ्याच टीकेत ज्यूद्वेष उघड होता. १९१४ मध्ये प्रकरण संसदेत आणि न्यायालयात गेले. आरोप करणाऱ्याला शिक्षा झाली, पण एर्लिख थकून गेले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि जर्मन लष्कराचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या पत्रकावर त्यांनीही सही केली. जगभरच्या सहकाऱ्यांशी जोडलेला हा माणूस त्या सहीने त्यांच्यापासून तुटला. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे त्यांचे निधन झाले. चार महिन्यांनी, १९ डिसेंबरला, अल्झायमर ब्रेस्लाउमध्ये वारले. ज्या गावात एर्लिख वैद्यक शिकले, तेच हे गाव.

नाझी राजवटीत फ्रँकफुर्टमधल्या त्यांच्या नावाच्या रस्त्याचे नाव पुसले गेले. हेडविग यांना म्हातारपणी देश सोडावा लागला.

निळी बाटली मात्र थांबली नव्हती. मिथिलीन ब्ल्यूच्या रेणूत बदल करत करत जर्मन रसायनशास्त्रज्ञ मलेरियाच्या नव्या औषधांपर्यंत पोहोचले. त्याच्या गाभ्यातल्या फेनोथायझिन या सांगाड्यावरून १९५० च्या सुमारास क्लोरप्रोमाझिन आले आणि मनोरुग्णालयांचे चित्र बदलले. मग मेंदूतल्या गुंत्याची पाळी आली.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती ठरावीक पद्धतीने घडी घालून बसते तेव्हाच कामाची असते. मज्जापेशीत टाऊ नावाचे प्रथिन असते. पेशीतल्या लांबलचक नळ्यांना ते आधार देते. अल्झायमरमध्ये टाऊ नळ्यांवरून सुटते, त्याची ठेवण बिघडते आणि एकमेकांना चिकटून त्याचे दोरे वळले जातात. बिघडलेले टाऊ चांगल्यालाही बिघडवते. दुधात चमचाभर विरजण पडावे आणि सकाळपर्यंत सगळे भांडे दही व्हावे तसे. फरक एवढाच की विरजणात जिवंत जंतू असतात. इथे जंतू नाही, फक्त ठेवण चुकलेला रेणू आहे. पार्किन्सनमध्ये असेच वेगळे प्रथिन साचते, हंटिंग्टनच्या आजारात आणखी वेगळे.

क्लॉड विशिक केंब्रिजला या गुंत्यांवर काम करत होते. गुंत्याच्या गाभ्यात टाऊ आहे हे १९८८ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले. १९९६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की मिथिलीन ब्ल्यू आणि त्याच्या जातीची संयुगे परीक्षानळीत टाऊला टाऊशी चिकटू देत नाहीत, आणि टाऊचे नळ्यांशी असलेले नेहमीचे नाते मात्र बिघडवत नाहीत. एकाला धरायचे आणि शेजारच्याला सोडायचे. एर्लिख यांना हवे होते ते हेच.

२००८ मध्ये ३२१ रुग्णांच्या चाचणीचे निकाल शिकागोच्या परिषदेत मांडले गेले. दिवसाला १३८ मिलिग्रॅम घेणाऱ्या गटाची घसरण मंदावल्याचा दावा होता, त्याहून मोठ्या मात्रेच्या गटात मात्र तसे दिसले नाही. कारण असे दिले गेले की मोठ्या मात्रेतला निळा रंग पोटातून नीट शोषलाच जात नाही. म्हणून पुढच्या गोळीसाठी रंगहीन रूप निवडले गेले, डेअरीच्या नळीत दूध पांढरे करणारे तेच रूप, स्थिर क्षार करून. ८९१ रुग्ण, १६ देश, १५ महिने. २०१६ मध्ये निकाल आला. ठरवलेल्या कसोटीवर औषध आणि तुलनेची गोळी यांत फरक नव्हता. जे रुग्ण अल्झायमरची दुसरी औषधे घेत नव्हते, अशा सुमारे १५ टक्क्यांत फायदा दिसल्याचे संशोधकांनी सांगितले. इतर तज्ज्ञांनी निकालानंतर निवडलेल्या छोट्या गटावर विसंबायला नकार दिला. तो सावधपणा योग्यच होता.

रंगाने परजीवी दिसला आणि रंगानेच तो मेला, हे मलेरियात घडले. मेंदूतला गुंता रंगणे सोपे निघाले, बरा होणे नाही. काँगो रेड हा कापडाचाच रंग १९२० च्या दशकापासून अशा प्रथिनांचे साठे ओळखायला वापरतात, पण त्याचे औषध झाले नाही. हळदीतले कुरक्युमिन परीक्षानळीत या साठ्यांना चिकटते. पोटात घेतल्यावर रक्तात जेमतेम उतरते, आणि अल्झायमरच्या रुग्णांवरच्या चाचण्यांत त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. जेवणातली हळद चालू द्यावी, तिच्या महागड्या कॅप्सूलवर म्हाताऱ्या आईवडिलांची आशा टांगू नये. यश आले ते थोडे वेगळ्या वाटेने. ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाची घडी सुटून नसा आणि हृदय निकामी करणाऱ्या आजारात टाफामिडिस नावाचे संयुग वापरतात. ते गुंता सोडवायला जात नाही. प्रथिन नीट घडीत असतानाच त्याच्या खाचेत बसते आणि घडी सुटू देत नाही. युरोपात त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. अल्झायमरच्या टाऊसाठी असे सर्वमान्य संयुग अजून कुणाच्या हाती लागलेले नाही.

भारतात साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. घरोघरी अशी माणसे आहेत, आणि निळ्या थेंबांची बाटली स्मरणशक्तीसाठी म्हणून विकणारेही इंटरनेटवर आहेत. प्रयोगशाळेचे किंवा माशांच्या टाकीचे मिथिलीन ब्ल्यू पोटात घेण्यासाठी शुद्ध केलेले नसते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर ते घेतले तर शरीरात सेरोटोनिन धोकादायक पातळीवर जाऊ शकते. जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या माणसाच्या लाल पेशी त्याने फुटतात. रुग्णालयात मेथेमोग्लोबिनच्या विकारावर शिरेतून ते देतात, तिथेही हा धोका पाहूनच.

२०१६ च्या त्या चाचणीत आणखी एक अडचण होती, तिला एर्लिख मनापासून हसले असते. हे रसायन घेतले की लघवी निळी-हिरवी होते. तुलनेच्या गटाला नुसती पिठाची गोळी दिली असती तर कुणाला खरे औषध मिळते आहे ते पहिल्याच दिवशी घरच्यांना कळले असते. म्हणून त्या गटालाही रोज दोन वेळा ४ मिलिग्रॅम औषध दिले गेले, फक्त रंग यावा एवढ्यापुरते. पुढे संशोधकांनीच आकडे तपासून म्हटले की एवढ्याशा मात्रेनेही काही रुग्णांना फायदा झालेला दिसतो. मग तुलना नेमकी कशाशी झाली, यावर वाद सुरू झाला. तो अजून मिटलेला नाही.